कवच आधी की जीव आधी? फोरॅमिनिफेरांच्या सुरुवातीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये आणि निसर्गमंडळांमध्ये मी सूक्ष्मदर्शक आणि किनाऱ्यावरच्या वाळूची डबी घेऊन जाते. वाळूतली ती इवलीशी, शंखासारखी वळणदार कवचं पाहिली की लहानमोठे सगळे जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यातले मला सर्वांत आवडणारे प्रश्न "हे सगळं सुरू कुठून झालं?" याभोवती फिरतात. त्यांची उत्तरं तासाभराच्या कार्यक्रमात पुरी होत नाहीत, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

फोरॅमिनिफेरा म्हणजे नेमकं काय?

एकाच पेशीचा जीव, बहुतेक करून समुद्रात राहणारा. अभ्यासक त्याला नुसतं "फोरॅम" म्हणतात, मीही तसंच म्हणेन. शाळेत शिकलेला अमीबा आठवत असेल, तर फोरॅम दोन बाबतींत त्याच्याहून वेगळा आहे. एक म्हणजे बहुतेक फोरॅम स्वतःभोवती कवच करतात. दुसरी बाब जास्त महत्त्वाची, पण जीवाश्मात ती कधीच उरत नाही: त्यांचे छद्मपाद. अमीबाचे छद्मपाद बोटांसारखे जाडसर असतात. फोरॅमचे कोळ्याच्या धाग्यासारखे बारीक असतात, त्यांना फाटे फुटतात, फाटे पुन्हा एकमेकांना मिळतात आणि कवचाबाहेर जाळं पसरतं. जिवंत फोरॅम काचपट्टीवर पाहायला मिळाला तर एका धाग्यावर नजर ठेवा. त्यातून बारीक कण एकाच वेळी दोन्ही दिशांना धावताना दिसतात, काही बाहेर, काही आत. अन्न पकडणं, सरकणं, चिकटून राहणं, कवच बांधणं, सगळं या जाळ्यानेच होतं.

बहुतेक फोरॅम मिलिमीटरहून लहान, बारीक रव्याच्या कणाएवढे असतात. काही मात्र कित्येक सेंटिमीटर वाढतात, तेही एकाच पेशीचे राहून.

प्राणी की वनस्पती?

दोन्ही नाहीत. ऱ्हायझारिया नावाच्या एकपेशीय जीवांच्या मोठ्या गटात ते मोडतात. काचेसारखा सिलिकाचा सांगाडा करणारे रेडिओलॅरिया हे त्यांचे जवळचे भाऊबंद.

दिसायला गोगलगाय किंवा शंखासारखे असून त्यांना वेगळं कधी आणि कोणी ठरवलं?

हा घोटाळा खरंच झाला होता. फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्सीद दॉर्बिन्यी यांनी 1826 साली या गटाला नाव दिलं. लॅटिन शब्दाचा अर्थ "भोकं असलेले" असा आहे, कारण कवचाचे कप्पे एकमेकांना भोकांनी जोडलेले असतात. पण त्यांची समजूत अशी होती की हे माखले-नळासारखे (स्क्विडच्या जातीचे) इवलेसे प्राणी आहेत, कारण कप्प्यांची गुंडाळी त्यांच्याच नात्यातल्या नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शिंपल्यासारखी दिसते. लोकांना हे आकार हातात धरून पाहता यावेत म्हणून त्यांनी त्यांच्या मोठ्या प्रतिकृतीसुद्धा घडवल्या होत्या.

1835 साली फेलिक्स द्युजार्दाँ यांनी जिवंत फोरॅम पाहिले. आत ना डोकं, ना पाय, ना आतडं. फक्त वाहणारा चिकट जीवद्रव. मग कवचाच्या सौंदर्यावरून बांधलेला अंदाज मागे पडला. या लेखात पुढे हीच गोष्ट निराळ्या रूपात परत येईल: कवच पाहून जिवाबद्दल घाईने मत बनवू नये.

सर्वांत जुना फोरॅम कोणता?

ज्याच्याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे असा सर्वांत जुना जीवाश्म म्हणजे प्लॅटिसोलेनाइटिस. कँब्रियन काळ सुमारे 53.9 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि त्याच्या सुरुवातीच्याच थरांत तो सापडतो. एस्टोनिया आणि सेंट पीटर्सबर्गच्या परिसरातली निळसर चिकणमाती आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाचा फिन्मार्क प्रदेश ही त्याची ठळक ठिकाणं.

दिसायला तो अगदी साधा आहे. साधारण मिलिमीटरभर ते काही मिलिमीटर जाडीची सरळ नळी, बहुतेक वेळा दाबाने चपटी झालेली आणि मधोमध चीर पडलेली. कप्पे नाहीत, नक्षी नाही. बऱ्याच काळापर्यंत तो एखाद्या किड्याचं घर असावा असंच समजत. 2001 साली डंकन मॅकिलरॉय, ओवेन ग्रीन आणि मार्टिन ब्रेझियर यांनी नळीची भिंत बारकाईने तपासली. ती वाळूचे कण वेचून, चिकटवून बांधलेली होती, आणि आज समुद्रतळाच्या चिखलात राहणाऱ्या बाथिसायफॉन या नळीदार फोरॅमशी तिचं साम्य होतं. त्याच्याच सोबत गुंडाळी झालेला एक भाऊबंदही सापडतो, स्पायरोसोलेनाइटिस.

म्हणजे खडकात दिसणारा पहिला फोरॅम चुन्याचा नव्हता, वाळूचा होता. प्राण्यांची कठीण कवचं ज्या काळात झपाट्याने वाढू लागली, त्याच काळात हा जीव स्वतः खनिज न स्रवता आजूबाजूची वाळू उचलून घर बांधत होता. मला हे फार मोलाचं वाटतं.

मग त्याआधी फोरॅम नव्हतेच का?

होते, असं मानायला भक्कम कारण आहे. हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

जीवाश्म म्हणजे उरलेला भाग. मऊ पेशी काही तासांत किंवा दिवसांत नाहीशी होते. सेंद्रिय, चामड्यासारखं पातळ कवच असेल तर तेही बहुतेक वेळा कुजतं. वाळूचं कवच टिकेल असं वाटतं, पण कण चिकटवणारा गोंद जर सेंद्रिय असेल तर तो कुजताच भिंत सुटते आणि घर पुन्हा वाळू होऊन जातं. पुढे खडक पाहणाऱ्याला तिथे फक्त वाळूच दिसते. शिकत असताना मी पहिल्यांदा समुद्रतळाचा नमुना चाळणीवर धुतला तो नळाच्या जोरदार धारेखाली. चुन्याची कवचं छान उरली, वाळूच्या नाजूक नळ्या मात्र तुटून गेल्या आणि माझ्या मोजणीत आल्याच नाहीत. ज्येष्ठ सहकाऱ्याने तोच नमुना हळुवार धुवून दाखवला तेव्हा माझी यादी किती अपुरी होती ते कळलं. निसर्गाने तर कोट्यवधी वर्षं धुतलं आहे.

म्हणून दुसरा पुरावा लागतो, तो आजच्या जिवंत फोरॅमच्या जनुकांचा. जिनिव्हातले यान पावलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं की फोरॅमच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी एकाच कप्प्याचे, मऊ किंवा वाळूच्या कवचाचे, काही तर अगदी उघडे जीव आहेत. कप्पेदार, चुन्याचे, आपल्याला सुंदर वाटणारे फोरॅम या झाडाच्या उशिरा आलेल्या फांद्या आहेत. या गटाची सुरुवात 69 ते 115 कोटी वर्षांपूर्वी कधीतरी झाली असावी असा त्यांचा हिशेब होता. 2011 साली सुधारित पद्धतीने केलेल्या मोजणीत तो आकडा 77 कोटींच्या आसपास आला, त्यात फरक 65 ते 92 कोटींचा.

आकड्यातला फरक मोठा आहे. पण सर्वांत अलीकडची बाजू घेतली तरी पहिल्या निर्विवाद जीवाश्माच्या आधी दहा कोटींहून अधिक वर्षं फोरॅम समुद्रात होते. जीव आधी, कवच नंतर.

जनुकांच्या घड्याळावर इतका विश्वास ठेवायचा का?

जपून ठेवायचा. जनुकांत बदल साधारण ठरावीक वेगाने साठत जातात या कल्पनेवर हे घड्याळ चालतं आणि माहीत असलेल्या जीवाश्मांच्या वयाशी ते जुळवून घ्यावं लागतं. फोरॅमच्या बाबतीत अडचण अशी की त्यांच्या रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) जनुकात एकेकाळी फार वेगाने बदल झाले. या वेगामुळे 1990 च्या दशकात त्यांना केंद्रकधारी जीवांच्या अगदी मुळाशी बसवलं गेलं, ते चूक होतं. पुढे अॅक्टिन या प्रथिनाच्या जनुकासारख्या इतर जनुकांचा आधार घेतल्यावर त्यांची खरी जागा सापडली. त्यामुळे एकाच जनुकावरून काढलेली तारीख कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर थोडं थांबून पाहावं.

फोरॅमच्या आधी कोणा एकपेशीय जिवाने कवच केलं होतं?

हो, आणि हे जीवाश्म पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये चुआर गट नावाचे खडक आहेत. त्यांच्या वरच्या थरांत, सुमारे 74 कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले, फुलदाणीच्या आकाराचे सूक्ष्मजीवाश्म सापडतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आगेमागे आकार, एका टोकाला गोल बूड आणि दुसऱ्या टोकाला तोंड. पाण्याची सुरई आडवी ठेवल्यासारखे.

सुझाना पोर्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली त्यांची आजच्या कवचधारी अमीबांशी तुलना केली. काहींचं साम्य अमीबाच्या गोतावळ्यातल्या आर्सेलासारख्या जीवांशी आहे, तर काहींच्या कवचावरचे खवले युग्लिफासारख्या, म्हणजे ऱ्हायझारियातल्या जीवांची आठवण करून देतात. दोन वेगळ्या घराण्यांनी कवचाची युक्ती वेगवेगळी शोधून काढली असण्याची शक्यता त्यातून दिसते.

याहून जुने, सुमारे 81 कोटी वर्षांपूर्वीचे, कॅनडातल्या युकॉन भागातले खवले आहेत. ते फॉस्फेटी खनिजाचे, म्हणजे आपल्या दातांत असतं त्या अॅपेटाइटच्या घराण्यातले आहेत. ते कोणत्या जिवाचे हे ठरलेलं नाही, पण खनिज वापरून अंगावर आवरण चढवण्याचा हा जुन्यातला जुना दाखला मानला जातो.

कवच करायची गरजच काय पडली?

चुआरच्याच खडकांत याचा दुवा आहे. तिथल्या सेंद्रिय भिंतीच्या इतर सूक्ष्मजीवाश्मांवर अतिशय बारीक, नीटस गोल भोकं सापडली आहेत. आज व्हँपायरेला नावाचे अमीबासारखे जीव शेवाळाच्या पेशीला असंच भोक पाडून आतला रस शोषून घेतात. म्हणजे प्राणी येण्याच्या कितीतरी आधी एकपेशीय जीव एकमेकांची शिकार करत होते, आणि भक्ष्य होऊ शकणाऱ्याला आवरणाचा उपयोग होता.

पण मला हे उत्तर एकटं पुरेसं वाटत नाही. फोरॅमचं जाळं कवचाबाहेरच पसरलेलं असतं, म्हणजे बराचसा जीव उघड्यावरच असतो. चिखलात आधार मिळणं, केंद्रक सुरक्षित राहणं, ओहोटीत किंवा पाण्याच्या रसायनात अचानक बदल झाला तर आत आक्रसून घेता येणं, हेही कवचाचे फायदे आहेत. शत्रूपासून बचाव हे त्यातलं एकच.

सगळी पृथ्वी बर्फाने झाकली होती तेव्हा हे जीव कसे टिकले?

सुमारे 72 ते 66 कोटी वर्षांपूर्वी स्टर्टियन नावाचं प्रचंड हिमयुग होतं. बर्फ वितळल्यावर साचलेल्या चुनखडीच्या थरांत तान्या बोसाक आणि सहकाऱ्यांना नामिबिया आणि मंगोलियात खनिज कण चिकटवून केलेली सूक्ष्म कवचं मिळाली. मंगोलियातली काही नळीदार कवचं फोरॅमची असू शकतील असं त्यांनी 2012 साली मांडलं. ते मान्य झालं तर जनुकांचं घड्याळ आणि खडक एकमेकांच्या बरेच जवळ येतील. पण नुसत्या साध्या नळीवरून बांधणारा ओळखणं अवघड असतं, म्हणून "शक्यता" हाच शब्द सध्या योग्य आहे.

"कॅनडात जगातला सर्वांत जुना फोरॅम सापडला होता" असं वाचलं. ते खरं का?

तो फोरॅम नव्हता. पण ही कथा सांगायलाच हवी, कारण यात सगळी माणसं प्रामाणिक होती.

कॅनडातल्या फार जुन्या, उष्णतेने आणि दाबाने पार बदललेल्या खडकांत हिरवट सर्पेंटाइन आणि पांढरं कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) यांचे नागमोडी पट्टे एकावर एक दिसत होते. भूवैज्ञानिक विल्यम लोगन यांना त्यात जीव असल्याची शंका आली. मॉन्ट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठाचे प्राचार्य जॉन विल्यम डॉसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहिले आणि 1864-65 मध्ये जाहीर केलं की हा महाकाय फोरॅम आहे. नाव ठेवलं इओझून कॅनडेन्स, म्हणजे "कॅनडाचा पहाटेचा प्राणी". फोरॅमचे त्या काळातले मोठे जाणकार विल्यम कार्पेंटर यांनी दुजोरा दिला. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या 1866 च्या आवृत्तीत त्याचा उल्लेख केला, कारण कँब्रियनपूर्व काळात जीव दिसत नाहीत ही त्यांच्या सिद्धांताची मोठी अडचण होती.

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विल्यम किंग आणि थॉमस राउनी यांनी मात्र लगेच हरकत घेतली: ही रचना खनिजांनी आपोआप केलेली आहे. वाद वर्षानुवर्षं चालला. 1894 साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीने बाहेर फेकलेल्या चुनखडीच्या ढेकळांत अगदी तसेच पट्टे सापडले. लाव्हाच्या उष्णतेत भाजलेल्या दगडात फोरॅम वाढणं शक्य नव्हतं. तरीही डॉसन 1899 मध्ये जग सोडेपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले.

त्यांचा प्रश्न बरोबर होता: कँब्रियनच्या आधी एकपेशीय जीव असणारच. पण त्यांनी मोठं, ठळक, कप्पेदार काहीतरी शोधलं. खरे पूर्वज मऊ, लहान आणि बिनकप्प्यांचे होते. तेव्हाची साधनं त्यांच्यापर्यंत पोहोचणं कठीणच होतं.

वाळूचं कवच एका पेशीला बांधता कसं येतं?

अंटार्क्टिकातल्या एक्सप्लोरर्स कोव्ह या उथळ खाडीत पाणी जवळजवळ गोठणबिंदूवर असतं. तिथे अॅस्ट्रामिना रारा नावाचा फोरॅम राहतो. सॅम्युअल बाउझर यांनी त्याचा फार बारकाईने अभ्यास केला आहे. काही मिलिमीटरचा हा जीव वाळूच्या गोळीत राहतो आणि बाहेर जाळं टाकून स्वतःहून गुंतागुंतीचे, अनेक पेशींचे लहान प्राणीसुद्धा पकडतो. त्याला कवचातून अलगद बाहेर काढलं तर तो मरत नाही. उघडी पेशी जाळं पसरते, कण ओढून जवळ आणते आणि नवं कवच बांधते. मोठे कण बसवलेले, त्यांच्या फटींत लहान कण भरलेले, आणि सगळं स्वतः स्रवलेल्या गोंदाने जखडलेलं. आपल्याकडे गवंडी दगडी भिंत रचताना मोठ्या दगडांमध्ये चिपा बसवतो तशीच रीत.

काही जाती कणांच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. टेक्निटेला थॉम्पसोनी ही जात कवचासाठी तारामाशांच्या नात्यातल्या प्राण्यांच्या बारीक चकत्या वेचून घेते, आजूबाजूला वाळू भरपूर असली तरी. अशा जाती पाहून एडवर्ड हेरॉन-अॅलन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी फोरॅममध्ये हेतू आणि बुद्धी असावी असा विचार मांडला. आज आपण तो शब्द वापरणार नाही. पण मेंदू तर सोडाच, मज्जातंतूची एक पेशीही नसलेला जीव कण निवडतो कसा, याचं आश्चर्य त्यामुळे कमी होत नाही.

याचा संबंध सुरुवातीशी आहे. वेचून बांधायला लागतं ते जाळं आणि गोंद, आणि ही दोन्ही साधनं अन्न पकडण्यासाठी आधीपासून तयार असणार. समुद्राच्या पाण्यातून चुना वेगळा काढून साच्यात बसवण्याच्या मानाने ही वाट सोपी होती. म्हणूनच ती आधी आली, असं मला वाटतं.

चुन्याचं कवच कधी आलं?

खूप नंतर. कप्पेदार चुनखडी फोरॅम डेव्होनियन काळात, म्हणजे सुमारे 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वी, नीट दिसू लागतात. पुढे कार्बोनिफेरस आणि पर्मियन काळात फ्युझुलिनिड नावाचे फोरॅम इतके वाढले की काही ठिकाणी खडकच त्यांचा बनलेला आहे, तांदळाचे दाणे घट्ट दाबून बसवल्यासारखा. सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी पर्मियनच्या शेवटी झालेल्या महाविनाशात ते नामशेष झाले.

चुन्याचं कवच एकदाच सुचलं आणि सगळ्यांनी उचललं, असं झालेलं नाही. मिलिओलिड गटात कॅल्साइटच्या सुया पेशीच्या आत तयार होतात आणि बाहेर आणून लावल्या जातात, म्हणून ती कवचं चिनी मातीसारखी पांढरी, अपारदर्शक दिसतात. रोटॅलिड गटात आधी नव्या कप्प्याच्या आकाराचा सेंद्रिय पडदा होतो आणि त्याच्यावर जागेवरच चुना साचतो. ही कवचं काचेसारखी, बारीक छिद्रांची असतात. घडवायची पद्धत इतकी वेगळी आहे की दोन्ही वाटा स्वतंत्रच म्हणाव्या लागतात. जनुकांचा पुरावाही तेच सांगतो.

कप्पे कशासाठी?

वाढण्यासाठी. बंद गोळीत राहणाऱ्या जिवाला मोठं व्हायचं तर घर मोडावं लागतं किंवा सोडावं लागतं. एका टोकाने वाढणारी नळी हा त्यावरचा पहिला तोडगा. नळीची गुंडाळी केली की जागा कमी लागते. आणि नळीऐवजी टप्प्याटप्प्याने एकेक खोली जोडली तर जुनं घर तसंच वापरात राहतं, नवी खोली थोडी मोठी बांधता येते. दॉर्बिन्यींनी नावासाठी निवडलेली भोकं म्हणजे या खोल्यांमधले दरवाजे.

त्या काळच्या समुद्रात प्राणवायू फार कमी होता ना? मग ते श्वास कसा घेत?

कवच नसलेल्या पूर्वजांबद्दल थेट पुरावा मिळणं शक्य नाही. पण आजचे काही फोरॅम प्राणवायू अजिबात नसलेल्या चिखलात राहतात. 2006 साली ग्लोबोब्युलिमिना या फोरॅमबद्दल सिद्ध झालं की तो पेशीत नायट्रेट साठवतो आणि प्राणवायूऐवजी ते वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतो. ही क्षमता तोपर्यंत मुख्यतः जिवाणूंची समजली जात होती. कमी प्राणवायूच्या समुद्रात ती कामाला येईल हे उघड आहे.

पहिल्या फोरॅमसारखे जीव आज पाहायला मिळतात का?

हूबेहूब तेच नाहीत, कारण आजचा प्रत्येक जीव तितकाच काळ बदलत आला आहे. पण त्यांच्या राहणीची कल्पना देणारे आहेत.

रेटिक्युलोमिक्सा हा गोड्या पाण्यातला, अजिबात कवच नसलेला जीव. ओलसर जागी तो उघड्या जाळ्यासारखा पसरतो. तो फोरॅमच आहे हे 1999 साली जनुकांवरून कळलं. "कवच म्हणजे फोरॅम" ही माझ्या पिढीने पाठ केलेली व्याख्या त्याने मोडली.

दुसरं टोक महासागराच्या सर्वांत खोल जागी आहे. मारियाना गर्तेतल्या चॅलेंजर डीपमधून, 10,896 मीटर खोलीवरून, जपानी संशोधकांनी आणलेल्या गाळात 432 जिवंत फोरॅम मिळाले. 2005 साली ते प्रसिद्ध झालं. त्यातले बहुतेक मऊ, सेंद्रिय कवचाचे होते. कारण सरळ आहे. साधारण चार-पाच किलोमीटरच्या खाली चुना पाण्यात विरघळून जातो, तिथे चुन्याचं घर टिकत नाही. जुनी, साधी रीत तिथे अजून चालू आहे.

आणि झेनोफायोफोर: खोल समुद्रतळावरचे मुठीएवढे, कधी त्याहून मोठे, गाळ चिकटवून बांधलेले ठिसूळ गोळे. ते स्पंज आहेत की आणखी काही, यावर शंभर वर्षं मतभेद होते. 2003 साली जनुकांनी त्यांना फोरॅमच्याच घरात आणून बसवलं.

पाण्यात तरंगणारे फोरॅम कधी आले?

जुरासिक काळात, सुमारे 17-18 कोटी वर्षांपूर्वी. त्याआधीचा सगळा इतिहास तळावरच्या फोरॅमचा आहे. आजही तरंगणाऱ्या जाती पन्नासच्या आसपास आहेत, तळावरच्या हजारो.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात असे जुने फोरॅम सापडतात का?

सुरुवातीच्या काळातले नाहीत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे, आणि ते थर समुद्रात नव्हे, जमिनीवर पसरलेले आहेत. खूप नंतरचे मात्र जवळच आहेत. कच्छमध्ये नुम्युलाइट नावाचे नाण्यासारखे चपटे फोरॅम दगडात खचाखच भरलेले दिसतात. गिझाच्या पिरॅमिडच्या चुनखडीतही हेच आहेत. 1974 साली सापडलेल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रात तेल साठलं आहे ते मायोसीन काळातल्या (सुमारे 2.3 कोटी ते 50 लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत, आणि अशा थरांचं वय ठरवायला फोरॅमच कामी येतात. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरॅमवरून जुन्या मान्सूनचा अभ्यास होतो.

आजचे फोरॅम घरी पाहता येतील का?

नक्की. खडकाळ भाग जवळ असलेल्या पुळणीवर भरतीच्या रेषेपाशी हलका, पांढुरका चुरा साठतो, तो मूठभर घ्या. गोड्या पाण्यात हळुवार, नळाची धार न लावता, दोनतीनदा धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. मग पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यावर ही कोरडी वाळू चिमटीने भुरभुरवा. वाळू बुडते, रिकाम्या कवचांच्या कप्प्यांत हवा असते, त्यामुळे त्यातली पुष्कळशी क्षणभर वर तरंगतात. ती पातळ सुती कापडावर ओतून घ्या आणि वाळवा.

काळा कागद, दहा किंवा वीस पट मोठं दाखवणारं भिंग, आणि चित्रकलेच्या दुकानात मिळणारा सर्वांत बारीक ब्रश एवढं पुरे. ब्रशचं टोक किंचित ओलं करा, कवचाला नुसतं टेकवा, ते आपोआप चिकटून येतं. खाडीच्या चिखलातून घेतलं असेल तर अमोनिया नावाचा चपट्या गुंडाळीचा फोरॅम मिळायची शक्यता चांगली आहे. त्याच्या गुंडाळीचा मध्य शोधा. तिथला अगदी मधला कप्पा म्हणजे त्या जिवाची पहिली खोली. तिथून कप्पे मोजत बाहेर या. आणि वाळूच्या कणांची नळी दिसली तर तिला ब्रशने दाबू नका, कागदासकट उचलून वेगळ्या डबीत ठेवा. डबीवर जागा आणि तारीख लिहायला विसरू नका.